माकणीच्या शिंगट्यांची शिरगणती

सर्व मासेखाऊ बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, खाडीकाठी जन्मलेला, खाडीकाठी वाढलेला आणि खाडीकाठीच पोट सुटलेला एक कोकणी गृहस्थ मासे खाण्यासाठी धाराशिव जिल्ह्यात जाऊन आला आहे. गृहस्थ सुखरूप आहे. उजव्या हाताचा अंगठा थोडा सुजलेला आहे, पण त्याची हकिगत यथावकाश येईलच. ही बातमी गावात फुटू नये म्हणून घरच्यांनी बरेच प्रयत्न केले. शेजारी विचारत तेव्हा बायको सांगायची, 'तुळजापूरला गेलेत, देवीला.' परंतु तो गृहस्थ मीच असल्यामुळे आणि माझ्या पोटात माशांखेरीज काहीच राहत नसल्यामुळे हे निवेदन करत आहे.

या सगळ्याला कारण माझी भाची मीनल. ती माशांचा अभ्यास करते. त्यातही मिशीवाल्या माशांचा. आमच्या खाडीतला शिंगाळा हा तिचा पहिला लाडका. या शिंगाळ्याची एक तऱ्हा आहे. मादी अंडी घालते आणि मोकळी होते. पुढं नर ती अंडी आपल्या तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडात काही घालत नाही, उपाशी राहतो. हे मीनलनं मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास तोंडात तसाच धरून बघितला. अर्ध्या मिनिटात गिळला गेला. म्हणजे मी बाप म्हणून शिंगाळ्याच्या पासंगालाही पुरत नाही हे सिद्ध झालं.

आता असा हा आदर्श बाप तोंड भरून अंडी घेऊन जाळ्यात सापडला, की आमच्याकडे ती अंडी काढून तळून खातात. मीही खाल्ली आहेत, चवीनं. परिणाम असा की हल्ली आमच्या खाडीत जो शिंगाळा मिळतो तो मिशा फुटायच्या वयाचा असतो. मीनलनं गावात सांगून पाहिलं. गावानं तिला चहा पाजला आणि पुन्हा जाळी टाकली. ती वैतागली. तेवढ्यात तिला कळलं की माकणीला, तेरणेच्या धरणावर, मच्छीमारांनी आपणहून पाण्याचा एक कोपरा बंद ठेवलाय. तिथं शिंगटा असतो, आमच्या शिंगाळ्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. पावसाळ्यात तो त्या कोपऱ्यात अंड्याला येतो. बाईसाहेब लगेच माकणीला. दोन वर्षं तिथंच.

मग एक दिवस फोन आला.

"मामा, इथं मच्छीमार सोसायटीची सभा आहे. तू ये. तुझा आवाज मोठा आहे."

नाटकात काम करणाऱ्या माणसाला याहून मोठं निमंत्रण नसतं. शिवाय ती म्हणाली होती की रोज मासे मिळतील.

सोनारी

मीनलनं माझी सोय सोसायटीचे चेअरमन नाना यांच्याबरोबर लावली होती. नाना सोनारीच्या काळभैरवाला आले होते, ते त्यांचं कुलदैवत. जाताना आपल्या छोट्या टेम्पोतून ते मला नेणार होते. नाना म्हणजे पांढरी टोपी, वाळलेल्या वेलीसारखं अंग आणि बोलणं अगदी बेतानं. एक वाक्य बोलले की ते उन्हात वाळायला घालतात, आणि ते खडखडीत झाल्याशिवाय दुसरं काढत नाहीत. मी बोलका माणूस. आमचं चांगलं जमलं.

सोनारीला माकडं आहेत. 'आहेत' हा शब्द अपुरा आहे. देऊळ माकडांचं आहे आणि ती भक्तांना थोडा वेळ आत येऊ देतात. मी देवासमोर डोळे मिटले, हात जोडले आणि डोळे उघडले तेव्हा जगाच्या कडा पुसट झाल्या होत्या. चष्मा गेला होता. समोर कट्ट्यावर एक पोक्त माकडीण तो उलटा लावून माझ्याकडे बघत होती. माझ्या बायकोची आठवण झाली. नानांनी शांतपणे एक केळं काढून कट्ट्यावर ठेवलं, तिनं चष्मा ठेवला, केळं घेतलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. असा रोखीचा व्यवहार मी आमच्या मासळीबाजारातही पाहिलेला नाही.

बाहेर आलो तर पेरूच्या गाड्यावर एक बोकड पुढचे दोन पाय टेकवून उभा होता आणि निवांत पेरू खात होता. चांगला दांडगा बोकड. गळ्यात हळदीनं पिवळं केलेलं फडकं. पेरूवाल्यानं त्याला हाकललं नाही, उलट तराजू बाजूला सरकवून जागा करून दिली. आमच्याकडे असं झालं असतं तर बोकडाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. मी विचारलं, हा कुणाचा.

"कुणाचा बी न्हाय," नाना म्हणाले. "द्येवाला सोडल्याला हाय."

मग ते वाक्य वाळेपर्यंत आम्ही टेम्पोपर्यंत पोचलो, आणि तिथं मला उरलेली माहिती मिळाली. नवस फेडताना जनावराला भंडारा लावायचा, नारळ फोडायचा, देवाच्या नावानं चांगभलं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पिवळी खूण दिसली की त्याला कुणी मारत नाही, बांधत नाही, खात तर नाहीच नाही. तो आपल्या शेतात शिरला तर हलक्या हातानं बाहेर काढायचा आणि गप बसायचं.

"गप का?"

"बोलून दावलं की पुण्य ग्येलं. सोडलं ते सोडलं. त्याचं नाव काडायचं न्हाय."

मला ही चाल फार आवडली. आमच्याकडे देवाला पाच रुपये वाहिले तरी लोक फरशीवर नाव कोरून घेतात. पुढं दोन दिवसांनी हीच चाल माझ्या भाचीच्या मुळावर उठणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक. मी बोकडाकडे बघून नमस्कार केला. त्यानं माझ्या पिशवीतला हार खाल्ला.

तामलवाडी

नानांना सोलापुरात जाळ्याचा दोरा घ्यायचा होता, म्हणून तिकडून वळसा घालून आलो आणि तामलवाडीला चहाला थांबलो. इथल्या चहात साखर इतकी की चमचा उभा राहतो. भज्यांबरोबर तळलेली मिरची येते आणि ती माणसं गप्पा मारत खातात, जशी आपण बडीशेप खातो. मी एक खाल्ली. नाना त्या वेळात सगळी गोष्ट सांगू शकले, कारण मला मध्ये बोलता येत नव्हतं.

गोष्ट अशी. ओढा जिथं धरणाच्या पाण्याला मिळतो, तिथं काठावर शेंदूर लावलेला भैरोबाचा दगड आहे. त्या जागेला भैरोबाचा कोपरा म्हणतात. शिंगट्याचा नर तिथं तळाच्या मातीत खड्डा करून अंड्यांच्या राखणीला बसतो. आधी लोक नेमके तेव्हाच तिथं बारीक भोकांची जाळी लावत. राखणदार बाप आणि बोटभर पिल्लं एकदमच वर. मग वर्षागणिक शिंगटा कमी झाला. तेव्हा नानांनी सगळ्यांना राजी करून कोपऱ्याच्या तोंडाशी निळे पिंप बांधून दोर लावला. आत जाळं टाकायचं नाही, बारीक जाळं तर कुठंच वापरायचं नाही.

आणि संभा विरोधात होता. संभा म्हणजे सोसायटीतला सगळ्यात दणकट गडी. त्याची जाळी कोपऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात असतात. त्याचं म्हणणं एकच: कोपऱ्यातला मासा कोपऱ्यातच लोळतो, तिकडं आम्हाला काय त्याचा फायदा. या सभेत तो कोपरा उघडायचा ठराव आणणार होता आणि निम्मी माणसं त्याच्या बाजूनं झुकली होती.

"कोपरा उघडला तर?" मी विचारलं. तिखटानं माझा आवाज एका विधवा घुबडासारखा आला होता.

"तर येत्या पावसात शिंगटा संपला," नाना म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाळत घातलं नाही. तसंच ओलं ठेवलं.

माकणी

मीनल काठावरच भेटली. उन्हानं काळी झालेली, पायात गमबूट, बोलण्यात 'लई' आणि 'व्हय' शिरलेले. तिची आई हे ऐकती तर माझ्या नावानं बोंब मारती. पोर वाळली होती, पण त्याहून जास्त काळजीत होती.

तिचं काम तिनं मला समजेल असं सांगितलं. समज, लग्नाच्या मांडवात किती माणसं आलीत आणि ती कुठं कुठं फिरतात ते काढायचंय. एका कोपऱ्यात बसलेल्या काही जणांच्या टोपीला झेंडूचं फूल खोवायचं आणि मांडवभर नजर ठेवायची. फूलवाला पंगतीत दिसला, पानाच्या तबकापाशी दिसला, तर कोपऱ्यातली माणसं मांडवभर जातात हे कळलं. शंभरात किती फूलवाले दिसतात त्यावरून एकूण माणसांचा अंदाजही येतो. तिनं हेच माशांचं केलं होतं. गेल्या वर्षी कोपऱ्यातले शिंगटे पकडून पाठीवरच्या पराशी एकेक लहानशी पिवळी पट्टी टोचली आणि त्यांना कोपऱ्यातच सोडलं. आता बाहेर कुणाच्याही जाळ्यात पट्टीवाला आला, की तिला सांगायचं. तेवढं झालं की संभाचं तोंड बंद.

"मग किती आले?"

"एकही नाही," ती म्हणाली.

वर्ष झालं होतं. ती रोज काठावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. पट्टीवाला एकही शिंगटा कुणाला दिसला नव्हता. सगळे मेले की काय, टोचताना आपलं काही चुकलं की काय, या विचारानं ती रात्र रात्र जागत होती. सभा परवावर आली होती आणि तिच्या हातात दाखवायला काहीही नव्हतं.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, मामा आला आहे. उद्या मी स्वतः पाण्यावर जातो. माझ्या रक्तात खाडी आहे.

सकाळी कळलं की इथं होडी नसते. जे असतं त्याला तराफा म्हणतात आणि तो थर्माकोलचा असतो. थर्माकोलच्या लाद्या, त्यावर गोणपाट शिवलेलं, आणि त्यावर मांडी घालून बसायचं. आमच्याकडे थर्माकोलचं गणपतीचं मखर करतात. मखरात बसायची माझी पहिलीच वेळ. मखराचे मालक रसूलचाचा, सोसायटीतले सगळ्यात जुने सभासद, दाढी मेंदीनं लाल, डोळे मिस्कील. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. मधल्या भागावर जरा जास्त वेळ पाहिलं.

"पाव्हणे, तुमी बसा, म्या हुबा ऱ्हातो," ते म्हणाले. "दोघं बसलो तर शिंगटे वरून जातील."

मी कोकणी बाण्यानं तराफ्यावर पाय ठेवला. तराफा मराठवाडी बाण्यानं पुढं निघून गेला. माझा एक पाय काठावर, एक तराफ्यावर आणि उरलेला मी तेरणेत. पाणी गुडघाभरच होतं, पण मी चितपट पडल्यामुळे ते माझ्या सगळ्या अंगाला पुरलं. काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

दुसऱ्या प्रयत्नात बसलो. धरणाचं पाणी आमच्या खाडीसारखं नाही. त्याला भरती नाही, ओहोटी नाही, वास नाही. ते नुसतं पसरून असतं, मधूनच एखादं बुडालेलं झाड फांदी वर काढून बसलेलं असतं आणि फांदीवर पाणकावळा पंख वाळवत असतो. काठानं ज्वारी हुरड्यात आलेली. रसूलचाचा जाळं ओढत होते, त्यात कटला आला, रोहू आला, चिलापी आली. आणि मग एक हातभर लांब, चंदेरी, चपट्या डोक्याचा, लांबलचक मिशांचा राजबिंडा मासा आला. शिंगटा. मी हर्षभरानं त्याला मिठीच मारायला गेलो. शिंगट्याच्या पराला काटा असतो आणि तो त्याचा वापर करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंगठा. मी जी किंकाळी फोडली ती आमच्या नाट्यमंडळात असताना फोडली असती तर बक्षीस मिळालं असतं. पाणकावळा उडाला. चाचांनी कमरेच्या पिशवीतली हळद अंगठ्यावर दाबली आणि सांगितलं की हा मासा बाप आहे, बापाला मिठी मारत नसतात, पाया पडतात.

थोड्या वेळानं एक गंमत झाली. जाळं ओढता ओढता चाचा एकदम थांबले. मग माझ्याकडे पाठ केली.

"पाव्हणे, तिकडं बघा, त्या झाडावर, लई मोठा पक्षी."

मी बघितलं. झाडावर पक्षी नव्हता. झाडच नव्हतं, विजेचा खांब होता. तेवढ्यात मागं पाण्यात धप्प झालं. वळलो तर चाचा दोन्ही कानाच्या पाळ्यांना हात लावून आकाशाकडे बघत होते. काय होतं विचारलं तर म्हणाले, काय न्हाय, दगड. जाळ्यात आलेला दगड पाण्यात टाकून कानाला हात लावणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. पण अंगठा ठणकत होता, मी विचार सोडून दिला.

दुपारी नानांच्या घरी जेवण. नानांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, मीही म्हणू लागलो. ताटात काळ्या तिखटाचा, दाण्याच्या कुटाचा शिंगट्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि हातानं फोडलेला कांदा. पहिला घास घेतला आणि माझ्या पूर्वजांची क्षमा मागून सांगतो, मी दुसरी भाकरी कधी मागितली ते मला आठवत नाही. तरीही जन्माचा खोडकरपणा स्वस्थ बसू देईना. विचारलं, वहिनी, यात नारळ नाही घालत?

"नारळ द्येवाला," वहिनी म्हणाल्या. "माशाला कशाला? मासा काय नवसाचा हाय?"

आणि हे बोलून त्या का कोण जाणे एकदम चुलीकडे वळल्या. नाना भाकरी कुस्करत राहिले. मीनल खाली मान घालून जेवत होती. तिनं मग शिंगट्याचा बाप कसा खड्ड्यावर राखणीला बसतो, पिल्लांना सोडून हलत नाही, ते सगळं सांगितलं, तेव्हा वहिनी चुलीकडूनच म्हणाल्या, "असा बाप पाहिजे तर मासोळीच्याच जल्माला जावं लागतंय." नानांनी भाकरी आणखी बारीक कुस्करली.

सभेचा दिवस

सभा दुपारी, भैरोबाच्या दगडापाशी लिंबाखाली. सकाळी मीनल पायरीवर बसून मोबाइलमध्ये काहीतरी बघत होती. मी शेजारी बसलो. मासे सोडले त्या दिवसाचं चित्रीकरण होतं ते, कुठं काय चुकलं ते शोधण्यासाठी ती शंभराव्यांदा बघत असावी.

मीही बघितलं. कोपऱ्याचा काठ, सगळी सोसायटी जमलेली. पाण्यानं भरलेल्या टाकीत पट्टी टोचलेले शिंगटे. मग नाना भैरोबाच्या दगडावर नारळ फोडतात. कुणीतरी भंडारा उधळतं, तो माणसांवर पडतो, टाकीवर पडतो, माशांवर पडतो. मीनल हसत एकेक मासा उचलून पाण्यात सोडते, आणि प्रत्येक मासा पाण्यात पडला की सगळे एका आवाजात ओरडतात, भैरोबाच्या नावानं चांगभलं.

मी म्हटलं, मीनल, हे काय?

"नाना म्हणाले, नारळ फोडल्याशिवाय पाण्यात नवं काही करायचं नसतं. मी म्हटलं फोडा की."

"आणि पट्टी पिवळीच का?"

"गढूळ पाण्यात पिवळा रंग लांबून दिसतो, मामा. मीच निवडला."

माझ्या डोळ्यांसमोर सोनारीचा बोकड उभा राहिला. गळ्यात पिवळं फडकं, तोंडात माझा हार. भंडारा, नारळ, चांगभलं, पिवळी खूण आणि सोडून देणं. माझ्या हुशार भाचीनं वर्षभर खपून, शास्त्राच्या सगळ्या नियमांनी, अख्ख्या सोसायटीच्या साक्षीनं तळ्यातले शिंगटे देवाला सोडले होते. आता पिवळी पट्टी दिसली की कोण तो मासा घरी नेणार? आणि कोण त्याबद्दल बोलणार? रसूलचाचांचा दगड मला लख्ख दिसला. दगडाला मिशा होत्या.

तिला सांगितलं. ती आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे सगळ्यांना दिसलेत. आणि म्हणूनच कुणी सांगणार नाही."

तरी ती गेली. मीही मागं गेलो. नानांना तिनं सरळ विचारलं. नाना पाण्याकडे बघत म्हणाले की आज वारा लई हाय. पानसुद्धा हलत नव्हतं. तिनं हात जोडून सांगितलं, ती देवाची खूण नाही, ती माझी खूण आहे. नाना फार मायेनं हसले, लहान पोर देवाला खेळणं म्हणते तेव्हा हसतात तसे. रसूलचाचांना विचारलं तर ते म्हणाले, "द्येव कुणाचा का असंना बेटा, सोडलेलं ते सोडलेलं," आणि लगेच जीभ चावून जाळं विणायला बसले. वहिनींनी मला आणखी एक भाकरी दिली.

सभा भरली. नानांनी प्रास्ताविक केलं, त्याला दोन वाक्यं आणि बराच वेळ लागला. मग संभा उठला. त्याला बघून मला वाईट वाटलं, कारण माणूस आवडण्यासारखा होता. रुंद छाती, खणखणीत आवाज, भुवया अशा की त्यांच्यावर नाटकाची जाहिरात लावावी. तो म्हणाला, माझं कुणाशी वाकडं नाही, मॅडमताई तर बहिणीसारख्या. पण त्यांनीच सांगितलं होतं, कोपऱ्यातला मासा बाहेर येतो ते दाखवून देईन. वर्ष झालं. दाखवलाय का एक तरी? मग आम्ही कशाला हात बांधून बसायचं? कोपरा उघडा.

लिंबाखाली माना हलल्या. ज्यांच्या हलल्या नाहीत त्या खाली गेल्या. मीनल उभी राहिली. खोटं तिला बोलता येत नाही, तो गुण तिला तिच्या आईकडून आला. ती म्हणाली की खरं आहे, माझ्याकडे एकाही पट्टीवाल्या माशाची खबर नाही, आणि तेवढं बोलून खाली बसली. मी नानांकडे बघितलं. नाना पाण्याकडे. रसूलचाचांकडे बघितलं. चाचा विजेच्या खांबाकडे. अख्खी सभा कुठं ना कुठं पक्षी बघत होती. पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यावर राखणीला बसणारे ते सगळे मिशाळ बाप या एका गप्प राहण्यापायी जाळ्यात जाणार होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण पुण्य राखतोय.

विचारून ही माणसं बोलणार नाहीत हे मला पक्कं कळलं होतं. मग दुसरं काय करता येतं? मी उठलो. उपरणं खांद्यावर टाकलं. सुजलेला अंगठा वर केला, कारण तो दिसायला भारदस्त झाला होता. आणि ज्या आवाजासाठी मला एवढ्या लांबून बोलावलं होतं तो काढला.

मी म्हटलं, सभासदहो, मी परका माणूस, आज आहे उद्या नाही. पण मला एक कोडं पडलंय. भैरोबासमोर नारळ फोडून, भंडारा उधळून, चांगभलं म्हणून तुम्ही मासे सोडलेत. ते या कोपऱ्यात नाहीत, कारण मीनलनं तिथं बुड्या मारून बघितलंय. तुम्ही म्हणता ते बाहेरही कुणाला दिसले नाहीत. माशाला पंख नसतात. धरणातून उठून तो एसटीनं जात नाही. मग एकच गोष्ट उरते. मला सांगताना लाज वाटते, पण मी कोकणातला, माशाच्या बाबतीत माणूस काय करू शकतो ते मला माहीत आहे.

इथं मी थांबलो. नाटकात थांबणं बोलण्याहून महत्त्वाचं असतं. लिंबावरून एक पान गळलं, तेही हळू.

मी म्हटलं, भैरोबाला सोडलेले मासे कुणीतरी खाल्ले.

वहिनींचा हात पदरासकट तोंडावर गेला. नानांनी टोपी काढली, जी ते झोपतानाही काढत नाहीत असं ऐकलं होतं. रसूलचाचा पहिल्यांदाच माझ्याकडे मिस्कील न होता बघत होते. मला वाटलं, झालं, आता आपल्यालाच देवाला सोडतात. पण एकदा पडदा वर गेला की मागं फिरता येत नाही. मी सावकाश मान वळवली आणि माझी नजर सगळ्या सभेवरून फिरवत फिरवत नेऊन संभाच्या पोटावर ठेवली. पोट तसं बेताचंच होतं. पण मी त्याच्याकडे असं बघितलं की जणू आत मिशा हलताना दिसताहेत. आणि एक उसासा सोडला.

संभा ताडकन उठला. भुवया पार कपाळाच्या वर गेल्या होत्या, मान लाल झाली होती, आणि दोन्ही हात सभेपुढं असे पसरले होते की जणू त्यांवरून अजून पाणी निथळत असावं.

"ओ पाव्हणं, त्वांड सांबाळा. खाल्ला म्हंता? ह्या हातानं पाया पडून सोडलाय म्या त्येला, चारदा, आन् त्यो बी हितं न्हाय, पार तिकडं भिताडापशी!"